किटलीतली बाई

४ तारीख, सोमवार

बऱ्याच वर्षांनी डायरी उघडली. आज तोंडाने जेवढं बोलले तेवढं पुरलं नाही म्हणून.

सकाळी नणंदबाईंचा फोन. "वहिनी, दादाला आता काही कळत नाही हो. एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवा त्याला. तिथे चोवीस तास माणूस असतं."

"इथेही असतं," मी म्हटलं. "मी." आणि फोन आपटला.

दुपारी डॉक्टर. मी त्याला मनातल्या मनात टाय म्हणते, कारण बोलताना तो सतत टाय चाचपतो, जणू जीभ तिथे बांधलीय. ह्यांच्या मेंदूच्या देठाशी रक्ताची गाठ अडकली त्याला आता दुसरा महिना. मानेखाली काही हलत नाही. वाचा गेली, गिळणं गेलं, नाकात नळी. पापण्या मिटतात, पण त्या आपोआपही मिटतात, मग 'हो' कुठलं आणि नुसती उघडझाप कुठली? डोळे हलतात, पण केसभर. कधी वाटतं माझ्याकडे वळले. कधी वाटतं, मला वाटलं.

टाय म्हणाला, "त्यांना समजत असेलही. नसेलही."

मी अख्खी नोकरी कोर्टात लघुलेखिका म्हणून केली. असली साक्ष कुणी दिली असती तर न्यायाधीशांनी पाणी पाजून परत उभं केलं असतं.

७ तारीख, गुरुवार

लेक आली. दोन खोके, एक लोखंडी स्टँड आणि चेहऱ्यावर तेच भाव, जे दहावीच्या निकालाच्या दिवशी होते. आम्ही तिला ठमी म्हणतो. हे नाव ह्यांनीच ठेवलेलं. बाई आता चाळिशीला टेकल्या, तरी ठमीच.

ठमीची नोकरी काय, हे मी लोकांना कधीच धड सांगू शकले नाही. वळणदार चकचकीत वस्तूवर उजेड नेमका कुठे चमकेल, याचा कॉम्प्युटरला आधीच अंदाज बांधायला शिकवते. नळ, चमचे, मोटारींची दारं. बापाने आयुष्यभर चमक घालवली आणि लेक तिच्यामागे धावते. हे भांड्यांच्या कंपन्यांच्या कॅटलॉगसाठी फोटो काढायचे. पातेली, डबे, किटल्या, आणि त्यांत नको ती चमक येऊ द्यायची नाही. "माणसांचा फोटो कुणीही काढेल," म्हणायचे, "किटलीचा काढून दाखवा."

तर ठमीने ह्यांच्यासाठी यंत्र बनवलंय. खाटेसमोर स्टँड, त्यावर पडदा, पडद्याखाली कॅमेरा, दोन्ही कडांना एकेक बारीक दिवा. त्या दिव्यांचा उजेड माणसाला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. डोळ्यात त्याचे दोन ठिपके चमकतात.

"आई, बुबुळ म्हणजे काय? गोल, गुळगुळीत, ओलं. चमच्याची पाठच. दिवा कुठे, कॅमेरा कुठे हे माहीत असलं, की ठिपका कुठे पडणार ते गणिताने आधीच सांगता येतं. डोळा जरा वळला की ठिपक्याची जागा जराशी बदलते. त्यावरून बाबा पडद्यावर कुठे बघतायत ते कळतं."

"आणि ठिपका नीट दिसला नाही तर?"

"अंदाजाच्या सगळ्यात जवळ जो सापडेल, तो आपला धरायचा."

"म्हणजे आधी ठरवायचं, मग बघायचं. अशा साक्षीदारांना मी चांगली ओळखते."

"आई, तू ना!"

चमच्याची पाठ मला काही नवी नाही. कॉन्व्हेंट शाळेत मदरने प्रत्येकीच्या हातात चमचा दिला होता आणि इंग्रजीत म्हणाली होती, फुगीर आरशात सगळं मावतं, कारण तो प्रत्येकाला लहान करतो. मी विचारलं, "तुमच्यासारखंच का, मदर?" तासभर वर्गाबाहेर उभी.

८ तारीख, शुक्रवार

सकाळी पहिली चाचणी. ठमीने खिडक्यांचे पडदे ओढून घेतले, उन्हाने कॅमेरा गडबडतो म्हणून. पडद्यावर डावीकडे मोठ्ठं 'हो', उजवीकडे 'नाही'.

"बाबा, माझं नाव ठमी आहे?" हो.

"मी तुमची आत्या आहे?" नाही.

"आई जगातली सगळ्यात गोड स्वभावाची बाई आहे?"

ठिपका थांबला, डगमगला आणि सावकाश 'नाही'वर जाऊन बसला. ठमी हसता हसता जमिनीवर बसली. मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

आहेत. आत आहेत. टायला लिहून देते, पाहिजे तर स्टँपपेपरवर.

९ तारीख, शनिवार

ठमी दुपारच्या गाडीने गेली. सोमवारी तिला काम आहे. जाताना म्हणाली, "पडदे बंदच ठेव. ऊन नको, बाकी घरातले दिवे चालतील."

मग मी माझी व्यवस्था लावली. ह्यांच्या उजव्या हाताशी माझी खुर्ची, मांडीवर वही, खुर्चीच्या मागे उंच दांड्याचा दिवा. खांद्यावरून उजेड बरोबर वहीवर पडतो. त्यात ह्यांच्या स्टुडिओतला बल्ब. हल्लीचे पांढरे दिवे मला सोसत नाहीत, त्या उजेडात जिवंत माणूसही शवागारातला वाटतो. स्टुडिओ बंद केला तेव्हा ह्यांनी पिवळ्या बल्बांचं एक खोकं भरून आणलं होतं. "हे आता मिळणार नाहीत," म्हणाले होते. अजून पुरतायत.

संध्याकाळी रीतसर जबानी घेतली. ताठ बसून, पेन हातात धरून. सूचक प्रश्न विचारायचे नाहीत, तोंडात शब्द घालायचे नाहीत.

संस्थेत जायचंय का? नाही.

बहिणीला भेटायचंय का? नाही. (माझा काय दोष? लिहून घेतलं.)

भीती वाटते का? नाही.

मग पेन खाली ठेवलं. पुढे वाकले, अगदी तोंडाजवळ, आणि विचारलं, "अहो, मी आहे. ओळखता ना?" हा सूचक प्रश्न आहे हे कळत होतं, पण तिथे कुठे वकील होता हरकत घ्यायला.

हो.

१२ तारीख, मंगळवार

टाय आला. माकडहाडापाशी जखम झालीय, झोपून झोपून. सकाळची सिस्टर रोज ती धुते. टायने टॉर्च मारून पाहिलं आणि इतका वेळ टाय चाचपली, की मला तिलाच बोलायला लावावंसं वाटलं.

"खोल आहे. दुखत असणार. कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी मिळते, वेदना जाते. पण गुंगी असते. या तब्येतीत मग डोळे असे एका जागी ठरणार नाहीत. यंत्रावर बोलणं थांबेल."

म्हणजे नुकतं उघडलेलं दार पुन्हा लावून घ्यायचं.

"असणार म्हणजे काय?" मी म्हटलं. "पेशंट समोर आहे, त्याला विचारा की." खुर्चीत बसले, दिवा लावला. "अहो, दुखतंय का?"

नाही.

"पट्टी हवी का?"

नाही.

टायचा चेहरा फोटो काढून ठेवण्यासारखा झाला होता. "पेशंट स्वतः सांगतोय म्हटल्यावर," तो पुटपुटला, आणि कागदावर तसं लिहून गेला. माझ्या नवऱ्याला माझ्याशी बोलायचंय. त्यात एवढं पुटपुटण्यासारखं काय आहे?

१५ तारीख, शुक्रवार

पडद्यावर अक्षरांचा तक्ताही आहे. अक्षरं बारीक, म्हणून मी अगदी वाकून, ह्यांच्या गालाला गाल लावल्यासारखी बसते. एका अक्षराला मिनिटं लागतात. आज एवढं आलं: कि. मग ट. मग डोळे मिटले.

किट? किटक? ठमीला फोन केला. ती म्हणाली, "किटली असेल. चहा आठवला असेल बाबांना."

गिळता येत नाही आणि चहा आठवतोय! माळ्यावरून त्यांची लाडकी किटली काढली. जुनी, पोटुशी, आरशासारखी. घासून पुसून समोरच्या टेबलावर ठेवली. "ही बघा तुमची सवत," मी म्हटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच किटलीचा फोटो काढताना मी चहा घेऊन स्टुडिओत गेले आणि कॅटलॉगच्या पहिल्या पानावर, किटलीच्या पोटात, तांदळाएवढी मी छापून आले. हातात कपबशीसकट. त्यानंतर त्यांची एकच आरोळी, "सरक! तू किटलीत दिसतेयस!" मी घरात भाजी चिरत असले तरी.

किटलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मेली आवड कशी जाते माणसाची.

१६ तारीख, शनिवार

कूस बदलताना ह्यांच्या कपाळावर घाम. पडदे बंद, खोलीत कोंदट होणारच. पंखा वाढवला. सिस्टर म्हणते नाडी जलद लागते. तिचे हात बर्फासारखे गार, कुणाचीही लागेल.

संध्याकाळी विचारलं, "उकडतंय का?" नाही. "काही त्रास आहे का?" नाही.

कसा सोशीक माणूस आहे. मी त्यांच्या जागी असते तर डोळ्यांनी शिव्या घातल्या असत्या.

२० तारीख, बुधवार

जखमेला वास येतो. टायने पुन्हा पट्टीचा विषय काढला. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तो म्हणाला, "बाई, मी एकटा असताना विचारू का त्यांना?"

म्हणजे? मी साक्षीदार फोडते? कोर्टात तारखेमागून तारीख अशा लोकांना ऐकून माझे कान पिकलेत, पण माझ्या वहीत ते जे बोलले त्याहून एक शब्द कधी जास्त गेला नाही. हे मी त्याला ऐकवलं, मोठ्याने. बिचारा बॅग उचलून गेला. जिन्यात टाय सारखी करत होता.

नंतर अक्षरं घेतली. स. र. आणि मग बराच वेळ नुसते डोळे, माझ्या खांद्यापलीकडे लागलेले. सर? सरबत? सरळ करायला सांगत होते बहुधा. सिस्टरला थांबवून घेतलं, दोघींनी मिळून सरळ केलं. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. बरं वाटलं असेल.

२३ तारीख, शनिवार

ठमी आली. यंत्र रोजचं सगळं चित्रित करून ठेवतं म्हणे, ते बघत बसली. बापाचा डोळा पडदाभर मोठा केलेला. मला बघवेना.

मग मला कवायत करायला लावली. "आई, खुर्चीत बस. दिवा लाव. आता पुढे वाक. आता ताठ बस. परत वाक. परत ताठ."

"पीटी आहे का ही?"

"हा दिवा कधीपासून लावतेस?"

"तू गेलीस त्या दिवसापासून. तूच म्हणालीस दिवे चालतील."

"त्यात बल्ब कुठला आहे?"

"ह्यांचा. स्टुडिओतला."

ती स्वयंपाकघरात गेली. नळ इतका वेळ वाहत होता, की शेवटी मी ओरडले, पाणी काय फुकटचं आहे का. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणते, दिव्यात नवा पांढरा बल्ब लावू. मी साफ नाही म्हटलं. बापाच्या वस्तू एकेक करून घराबाहेर काढायची घाई झालीय का तुला, असंही म्हटलं. ती यंत्राकडे जाऊन बसली. जेवलीही नाही. जावयाशी काही बिनसलं असावं.

२४ तारीख, रविवार

लिहिते. जे बोललं गेलं ते, तसंच.

सकाळी ती माझ्यासमोर खाली बसली, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायला बसायची तशी. "आई, चूक माझी आहे. आधी ते लिहून घे."

मग सांगितलं. हल्लीच्या दिव्यांतून तो न दिसणारा उजेड जवळपास निघत नाही, म्हणून तिने 'दिवे चालतील' म्हटलं. तारेच्या जुन्या बल्बातून तो भरपूर निघतो. आमच्याकडे अजून तसला बल्ब असेल हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी ताठ बसले की माझ्या खांद्यावरून बल्बचा ठिपका ह्यांच्या डोळ्यात पडतो, यंत्राच्या उजव्या ठिपक्याच्या अगदी शेजारी, त्याच्याहून ठळक. यंत्र अंदाजाजवळचा ठिपका शोधतं. त्याला हा सापडतो. आणि मग ते कुठेही बघत असोत, उत्तर उजवीकडे ओढलं जातं.

उजवीकडे 'नाही' आहे.

"आणि वाकल्यावर?"

"वाकलीस की तुझं डोकं बल्बच्या आड येतं. तेव्हाचं सगळं खरं आहे. अक्षरं खरी आहेत. ओळखलं, तेही खरं."

मी म्हटलं, "तेव्हा ते किटली म्हणाले."

"हो."

"आणि स, र."

लेक बापाची आहे, तिला माझ्याआधी कळलं होतं. आयुष्यभर चकचकीत गोल वस्तूंत नको ती चमक शोधलेला माणूस, स्वतःच्या डोळ्यात काय घुसलंय ते खाटेवर पडून ओळखून बसला होता. आणि त्याच्याकडे होती ती सगळी ताकद लावून मला तेच सांगत होता, जे लग्नापासून सांगत आला. सरक. तू किटलीत दिसतेयस.

आणि मी त्यांना सरळ केलं. जखमेवर.

संध्याकाळ

दिवा विझवला. बल्ब काढून खोक्यात ठेवला. ठमी यंत्राच्या पडद्यामागे, मी कोपऱ्यात, दोघींपैकी कुणीही खाटेजवळ नाही. फोन करून डॉक्टरला बोलावलं होतं. प्रश्न त्याने विचारायचे असं मीच सांगितलं. तो टायला हात न लावता बोलला, हेही नोंदवते.

"दुखतंय का?"

हो. ठिपका क्षणभरसुद्धा डगमगला नाही. यंत्र जोडल्यापासून इतक्या चटकन कुठलंही उत्तर आलं नव्हतं.

"पहिल्यापासून दुखतंय?"

हो.

"औषधाची पट्टी लावू?"

हो.

डॉक्टर माझ्याकडे वळला. पुढचा प्रश्न माझा होता, हे त्यालाही कळत होतं. मी कोपऱ्यातून हललेच नाही. तिथूनच विचारला. "अहो, मग बोलता यायचं नाही. चालेल?"

या खेपेला ठिपका बराच वेळ मधेच थांबला. 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. मला पुढे जाऊन वाकायचं होतं. ठमीने माझा हात धरून ठेवला.

हो.

आणखी एक प्रश्न होता माझ्याकडे. ओठांवर आला होता. रागावलात का, असा. पण त्यात मला हवं ते उत्तर आधीच घातलेलं होतं. असला प्रश्न मी कुठल्याही वकिलाला चालू दिला नसता. नाही विचारला.

पट्टी लावली.

२७ तारीख, बुधवार

झोपलेलेच असतात. कूस बदलताना कपाळ कोरडं. सिस्टर म्हणते नाडी सुधारली. मी तिचे हात धरले, गारच होते, आणि मी तिची माफी मागितली. कशाबद्दल ते तिला कळलं नाही.

नणंदबाईंचा फोन आला. त्यांना म्हटलं, "या भेटायला. त्यांनी तुम्हाला नको म्हटलंय, असं मी लिहून ठेवलं होतं. ते खोडलंय."

"कुणी म्हटलं होतं, वहिनी?"

"बल्बने," मी म्हटलं. त्यांना वाटलं माझंही डोकं फिरलं.

१ तारीख, रविवार

ठमी यंत्र सोडवून घेऊन गेली. म्हणाली, एका ओळीची दुरुस्ती आहे, नको असलेला ठिपका ओळखून वगळायची. केली आहे. आता कुठलाही दिवा लावला तरी चालेल. मी म्हटलं, "छान. पुढच्या माणसाला उपयोग होईल." बोलल्यावर कळलं, किती कडू बोलले. तिने ऐकून घेतलं. दारात मिठी मारली तेव्हा दोघींची हाडं दुखली.

आता पडदे उघडता येतात. उघडले. उजेडात खोली फार मोठी वाटली.

पापण्या पुरत्या मिटत नाहीत त्यांच्या. फटीतून बुबुळ दिसतं, आणि त्यात खिडकी, नखाएवढी. आता ती कुणाला काही सांगत नाही.

किटली अजून टेबलावरच आहे. तिच्या पोटात खाट दिसते, खिडकी दिसते, उशीवरचे पांढरे केस दिसतात, आणि खुर्चीतली मी. मी खुर्ची मागे घेतली. अजून मागे. मग उठले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. लहान झाले, तांदळाएवढी झाले. पण गेले नाही.

"अहो, सरकले हो," मी म्हटलं. "आता यापुढे भिंत आहे."